पेटी वर्गणीची, पगार कोणाचा?

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात २०१७ सालच्या एका ऑगस्ट महिन्यात ५५ बालके दगावली. सप्टेंबरमध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली, तेव्हा रुग्णालयाच्या प्रमुखांनी दिलेले स्पष्टीकरण हिशेबाच्या दृष्टीने अगदी साधे होते. कक्षात इन्क्युबेटर अठरा आणि बालके त्याहून कितीतरी अधिक. त्यामुळे एका पेटीत दोन-दोन, प्रसंगी त्याहूनही अधिक बालके ठेवावी लागतात. पुष्कळशी बालके खाजगी दवाखान्यांतून शेवटच्या अवस्थेत पाठविली जातात, असेही त्यांनी सांगितले. माता आणि बालके यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधावयाची योजना जागेवरील झाडे तोडण्याच्या परवानगीपाशी अडून राहिली होती, हेही त्याच वेळी लोकांना कळले.

या सर्व तपशिलातून लोकांच्या स्मरणात राहिला तो एकच आकडा: अठरा पेट्या. आपल्याकडे अशक्त बाळाला 'पेटीत ठेवले' असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि पेटी मिळाली म्हणजे बाळ वाचले, ही समजूत त्या शब्दाबरोबरच रूढ झालेली आहे. साहजिकच अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर तालुक्याच्या गावी जो विचार बोलून दाखविला जातो, तो पेट्यांभोवतीच घोटाळतो. वर्गणी काढावी, दानशूरांना गाठावे, आपल्या रुग्णालयाला चार यंत्रे घेऊन द्यावीत. हेतू निर्मळ आहे आणि निफाडसारख्या तालुक्याला तो पार पाडणे अवघडही नाही. द्राक्षांचा आणि कांद्याचा हा मुलूख. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांचे भाव देशभर पाहिले जातात. ओझरचा विमान कारखाना याच तालुक्यात आहे. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले असून त्या कार्यात आरोग्याचा समावेश आहे. तेव्हा निफाडच्या उपजिल्हा रुग्णालयातील बालकांसाठी पैसा जमेल की नाही, ही शंका घेण्याचे कारण नाही. जमलेला पैसा कोणत्या खर्चाला लावावयाचा, याचा निर्णय मात्र वर्गणीचे पावतीपुस्तक छापण्यापूर्वी झाला पाहिजे.

आवर्ती आणि अनावर्ती

सरकारी कचेरीत काम केलेल्या प्रत्येकाला या दोन शब्दांमधील अंतर ठाऊक असते. यंत्र एकदा घ्यावयाचे, त्याचा खर्च अनावर्ती. ते चालविणारा माणूस, त्याची वीज, त्याची दुरुस्ती हा खर्च दर महिन्याला उभा राहतो, तो आवर्ती. बालकांचे मरण ज्या दिवसांत अधिक गाठते ते दिवस पाहिले म्हणजे या दोहोंपैकी कोणता खर्च अधिक महत्त्वाचा, हे ध्यानात येते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६ पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत, आणि त्यांतील ११ तर २८ दिवसांच्या आतच गेली. म्हणजे वर्षभरातील तीन मृत्यूंपैकी दोन पहिल्या चार आठवड्यांतले. गोवर, हगवण, घटसर्प यांच्याशी झालेली झुंज पुष्कळ अंशी लसीने आणि स्वच्छ पाण्याने जिंकली. उरलेले मरण जन्माच्या खोलीत आणि तिच्या आसपास येऊन थांबले आहे. कमी दिवसांचे, कमी वजनाचे, न रडलेले बाळ. त्याला पहिल्या तासाला ऊब हवी असते, श्वासावर नजर हवी असते, पहाटे तीन वाजता त्याचा रंग निळसर होऊ लागला तर ते ओळखणारे कोणी तरी जागे असावे लागते.

केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी तीन पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. प्रत्येक प्रसूतिस्थानी एक छोटा कोपरा, तालुक्याच्या दर्जाच्या रुग्णालयात चार खाटांचा 'स्थिरीकरण कक्ष', आणि जिल्ह्याला विशेष कक्ष. मधली पायरी निफाडच्या दृष्टीने कळीची. स्थिरीकरण या बोजड शब्दाचा अर्थ इतकाच की, बाळाला नाशिकला धाडण्याची वेळ आलीच तर ते वाटेत थंड पडू नये, अशा अवस्थेला त्याला आणून मग धाडावे. आणि निम्म्याहून साध्या दुखण्यांसाठी धाडण्याची वेळच येऊ देऊ नये. निफाड ते नाशिक हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेरचे. धडधाकट माणसाला ते काहीच नाही. दीड किलोच्या बाळाला पौषातल्या रात्री ते फार आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या निफाडकर हिवाळ्यामागून हिवाळे वाचीत आले आहेत.

आता या चार खाटांचा हिशेब मांडून पाहावा. ऊब देणारा एक पाळणा, ज्याला वॉर्मर म्हणतात, दीड लाखाला पडतो असे धरले तर चार पाळण्यांचे सहा लाख झाले. तालुक्यातील चारदोन सधन घरांना ही रक्कम एका सायंकाळी उभी करता येईल. परंतु त्या चार पाळण्यांपाशी अहोरात्र एक परिचारिका बसवावयाची तर काय लागते? आठवड्याचे तास १६८. एका परिचारिकेकडून आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम घेता येत नाही. भागाकार साडेतीन येतो. रजा, आजारपण, प्रशिक्षण, बाळंतपणाची रजा हे सारे जमेस धरले की चौघीही अपुऱ्या पडतात, पाच लागतात. प्रत्येकीला दरमहा २५ हजार, म्हणजे कंत्राटी पद्धतीचे फारसे उदार नसलेले वेतन, द्यावयाचे ठरविले तर वर्षाला पंधरा लाख. एका खुर्चीवर रात्रंदिवस माणूस बसलेले असावे, एवढ्याचीच ही किंमत; डॉक्टर यात धरलेला नाही. हे पंधरा लाख व्याजातून निघावेत म्हणून कायमनिधी उभारावयाचा झाला तर सात टक्के दराने दोन कोटी चौदा लाखांची ठेव लागेल. आणि वेतन दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले तर दहा वर्षांनी खर्च चोवीस लाखांवर गेलेला असेल, व्याज मात्र पंधरा लाखांवरच राहिलेले असेल.

यंत्र सहा लाखांना आणि माणूस दोन कोटींना, असा हा व्यवहार आहे. देणगीदार स्वाभाविकपणे पहिला पर्याय निवडतो, यात त्याचा दोष फारसा नाही. यंत्रावर नाव कोरता येते, त्याचे उद्घाटन करता येते, त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढता येते. परिचारिकेच्या रात्रपाळीला हार घालण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

निफाडच्या शेतकऱ्याला हा मुद्दा अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. कडाक्याची थंडी पडली आणि मण्यांना तडे जाण्याची भीती निर्माण झाली की तो द्राक्षबागेत जागोजाग शेकोट्या पेटवितो. पण सरपण बागेत टाकून तो घरी झोपायला जात नाही. रात्रभर कोणी तरी बागेत हिंडते, विझू लागलेली शेकोटी सारखी करते. सरपणाइतकाच त्या जागरणाचाही खर्च बागेच्या हिशेबात धरलेला असतो.

यंत्रे आहेत पण त्यांच्यामागची व्यवस्था अपुरी आहे, अशा स्थितीचा शेवट कोठे होऊ शकतो, हे भंडाऱ्याने दाखविले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बालके मृत्युमुखी पडली. कक्ष होता, यंत्रे होती. अग्निसुरक्षेची व्यवस्था पुरेशी नव्हती, हे मागाहून उघड झाले. देखभाल हा शब्द अंदाजपत्रकात नेहमी शेवटच्या ओळीत असतो, आणि काटछाट करावयाची झाली की पहिली कात्री त्याच ओळीला लागते.

वाडियांचे रुग्णालय

देणगीतून उभ्या राहिलेल्या बालरुग्णालयाचे महाराष्ट्रातील थोर उदाहरण म्हणजे परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. १९२९ साली ते सुरू झाले. शेजारचे प्रसूतिगृह त्याच्या तीन वर्षे आधीचे. गिरणगावातील कामगारांच्या पिढ्या तेथे वाढल्या. एवढी मोठी देणगी, एवढी जुनी संस्था. तरीही जानेवारी २०२० मध्ये रुग्णांना दाखल करून घेणे थांबविण्याची पाळी तिच्यावर आली. कारण महानगरपालिका आणि राज्य सरकार यांच्याकडून यावयाचे अनुदान थकले होते. थकबाकीची रक्कम नेमकी किती, यावर वाद होता आणि दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. पुतळ्यांसाठी सरकारपाशी पैसा आहे आणि सार्वजनिक आरोग्यासाठी नाही काय, अशा आशयाची कानउघाडणी न्यायालयाने केली, आणि अखेर निधी सुटला. दात्याने इमारत दिली, नाव दिले. नव्वद वर्षांनंतर खाट रिकामी राहते की भरते, हे अनुदानाच्या धनादेशावर ठरले.

शिक्षकवर्गाला या कथेत नवे काही वाटणार नाही. १९१४ साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला, १९१९ साली रयत शिक्षण संस्था. खेड्यापाड्यांतील लोकांनी पै-पैसा आणि मूठमूठ धान्य देऊन शाळा उभ्या केल्या. तो त्याग खरा होता. परंतु त्या शाळांतील शिक्षकाला महिन्याच्या महिन्याला निश्चित वेतन मिळू लागले ते सरकारी अनुदानामुळे, आणि शाळा टिकल्या त्याही त्या वेतनाच्या आधारावर. उलट १९८० नंतरच्या दशकांत 'विनाअनुदानित' हे विशेषण लावून ज्या शाळा निघाल्या, तेथील शिक्षकांनी वीस टक्के अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत उमेदीची वर्षे घालविली. वर्गणीच्या भरवशावर नेमलेली परिचारिका म्हणजे आरोग्यखात्यातील विनाअनुदानित शिक्षिकाच होय. दोन-तीन महिने मानधन थकले की ती नाशिकच्या खाजगी रुग्णालयात निघून जाईल, आणि तिला दोष देता येणार नाही.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळण्याजोगा नाही. वेतन हे सरकारचे कर्तव्य आहे आणि वर्गणीतून ते भागविता येत नाही, तर लोकांनी वर्गणी काढावीच का? कर भरला, त्यात सारे आले. शिवाय लोक पैसा देऊ लागले की सरकार तेवढाच हात आखडता घेते, हा अनुभवही आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २०२१-२२ मध्ये, महासाथीच्या ऐन काळात, तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरीत होते. ज्यांनी आधीच एवढे भरले त्यांच्यापुढे पुन्हा वर्गणीची झोळी धरणे हा उलटा न्याय आहे, असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करता येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर शोधताना निफाडचेच एक नाव पुढे येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी येथे झाला. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील हिंदी अर्थशास्त्रावरील व्याख्यानात त्यांनी, राज्यसंस्थेने आर्थिक व्यवहारापासून अलिप्त राहावे हा इंग्रजी पंडितांचा सिद्धांत या देशाला लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले. पण तेच रानडे आयुष्यभर सभा आणि संस्था उभारीत होते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा केली, ती सरकारपुढे ठेवली, आणि त्या माहितीच्या बळावर सरकारला जाब विचारला. सरकारने करावे आणि लोकांनीही करावे, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी परस्परविरोधी नव्हत्या. लोकांची संस्था सरकारला कामाला लावण्यासाठी होती. वर्गणीचा हा उपयोग आज विसरला गेला आहे. निधी हा भिक्षापात्र असू शकतो, तसा तो तराजूही असू शकतो.

अटीसह निधी

तेव्हा निफाडला निधी जमवावयाचाच असेल तर त्याला अट जोडलेली असावी. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञाचे आणि नवजात कक्षातील परिचारिकांचे प्रत्येक मंजूर पद भरलेले राहील, असे लेखी वचन आरोग्यखात्याकडून घ्यावे. आणि ते पाळले जाते तोवर, सरकारी नियमांत जे बसत नाही पण ज्याच्यावाचून अडते, अशा गोष्टींचा भार निधीने उचलावा. यंत्रांचा वार्षिक देखभाल करार, वीज गेली असता लागणारी पर्यायी व्यवस्था, परिचारिकांना मोठ्या रुग्णालयात महिना-दोन महिने पाठवून दिलेले प्रशिक्षण, आणि बाळाजवळ राहणाऱ्या आईसाठी खाट व दोन वेळचे जेवण.

या शेवटच्या गोष्टीकडे वर्गणीदारांचे लक्ष सहसा जात नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास पाळण्यांच्या टंचाईमुळे डॉक्टरांनी कमी वजनाची बालके आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. तिला कांगारू पद्धत असे नाव पडले. टंचाईतून निघालेला हा तोडगा पुढे मूळ उपायाच्या तोडीस तोड ठरला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्यास एक ते १.८ किलोच्या बालकांचे मृत्यू चतुर्थांशाने कमी होतात, असे आढळले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तर गावातील प्रशिक्षित स्त्रीच्या हाती घरच्या घरी नवजाताची काळजी सोपवून काय साधते, ते १९९९ मध्येच जगापुढे मांडले होते. नवजात मृत्यूंचे प्रमाण तेथे निम्म्याहून खाली आले. दोन्ही ठिकाणी खर्च यंत्रावर झाला नाही, शिकविणाऱ्या माणसावर झाला. मात्र आईने चोवीस तास बाळाजवळ राहावयाचे तर तिच्या राहण्याजेवणाची सोय हवी. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेली मजूर बाई, घरी एक मूल ठेवून दुसऱ्यासाठी रुग्णालयात राहते, तिचा रोज बुडतो. तिला चार दिवसांत निघून जावे लागू नये, एवढे निधीला करता आले तरी एका वॉर्मरचे काम झाले.

पैसा आणावयाचा कोठून, याबद्दल एक सूचना नेहमी होते: बाजारात येणाऱ्या मालावर क्विंटलमागे काही पैसे. वर्षाला पन्नास लाख क्विंटलची आवक धरली तर तीस पैशांत पंधरा लाख होतात. गणित मोहक आहे. पण कांद्याच्या जिवावर काढलेला निधी कांद्याबरोबरच झोके खातो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आले, लिलाव बंद पडले. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. ज्या हंगामात भाव कोसळतो त्याच हंगामात खाजगी दवाखान्याचे बिल न परवडणारी कुटुंबे सरकारी रुग्णालयाकडे वळतात, आणि त्याच हंगामात असा निधी आटतो. बाजार फी कागदोपत्री खरेदीदार भरतो. ती बोलीतून शेतकऱ्याकडे कितपत सरकते, हे लिलावात उभे राहिलेल्या माणसाला विचारावे. म्हणूनच वेतनासारखा अखंड खर्च अशा निधीवर टांगू नये. तो राज्याच्या तिजोरीतूनच यावा, कारण एका पिकाच्या भावावर ती तिजोरी अवलंबून नसते.

लोक देत नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. २०२१ साली मुंबईतील एका बाळाच्या दुर्धर आजारावरील एका इंजेक्शनसाठी सोळा कोटींची रक्कम हजारो अनोळखी माणसांनी जमविली, आणि केंद्र सरकारने त्यावरील कोट्यवधींचा कर माफ केला. त्या बाळाच्या आईबापांनी जे केले ते कोणत्याही आईबापांनी केले असते. परंतु सोळा कोटींचे सात टक्के व्याज वर्षाला एक कोटी बारा लाख होते, आणि वरील हिशेबाने त्यात सात तालुक्यांच्या नवजात कक्षांत रात्रंदिवस एक परिचारिका बसू शकते. छायाचित्रातील बाळाला चेहरा असतो. जी बालके पुढच्या वर्षी निफाडला जन्मणार आहेत, त्यांना तो अजून नाही.

निधी चालविण्यासाठी नवी संस्था काढण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ नंतर रुग्णालयोरुग्णाली रुग्ण कल्याण समित्या नेमल्या. लोकप्रतिनिधी आणि नागरिक यांना तेथे स्थान आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्यखात्याच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, हे योग्यच झाले. पण शुल्काचा ओघ थांबल्यावर समित्यांची नजर देणगीकडे अधिक वळणार, हेही उघड आहे. देणगी स्वीकारणाऱ्या समितीने रुग्णालयाच्या दाराशी एक फळा लावावा आणि दर महिन्याला त्यावर पाच आकडे लिहावेत: बालके किती जन्मली, दोन किलोंच्या आतली किती, नाशिकला किती पाठविली, त्यांतील परत किती आली, आणि महिन्यातील किती रात्री नवजात कक्षात परिचारिका नव्हती. पाचवा आकडा लिहिण्यास समिती कां कू करील. तो लिहिला जाईपर्यंत वर्गणीची दुसरी पावती फाडू नये.

समितीच्या बैठकीची विषयपत्रिका मागून पाहण्यास कोणाला मज्जाव नाही. तीवर यंत्रखरेदीचा विषय कितव्या क्रमांकावर आहे आणि रात्रपाळीच्या पत्रकाचा कितव्या, हे निफाडच्या एखाद्या शिक्षकाने, कारकुनाने, कॉलेजातील चार विद्यार्थ्यांनी जाऊन वाचावे. आणि रात्रपाळीचा विषय तेथे मुळीच नसेल तर तो घालावा, असा अर्ज त्याच टेबलावर लिहून द्यावा.